पेरोलचे एफपीसी प्रमाणपत्र : कोणी घ्यावे, कशासाठी घ्यावे

जानेवारीच्या अखेरीस पेरोल, म्हणजे पगाराचा हिशेब ठेवणाऱ्या, विभागात एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. डब्ल्यू-२ हे वर्षाचे वेतनविवरण कर्मचाऱ्याच्या हाती पडते, तो त्यातला रकाना क्रमांक १ आणि रकाना क्रमांक ३ शेजारी ठेवून पाहतो आणि विचारतो, की माझा पगार एकच असताना येथे दोन वेगळे आकडे कसे? अमेरिकेतल्या एका कंपनीच्या पेरोल विभागात पहिली तीन वर्षे मी या प्रश्नाला "आकडे सिस्टिमने काढलेले आहेत, ते बरोबरच असणार" असे उत्तर देत होते. हे उत्तर खोटे नव्हते, कारण आकडे खरोखरच बरोबर असत. पण ते का बरोबर आहेत हे मला सांगता येत नव्हते आणि विचारणाऱ्यालाही ते माझ्या आवाजावरून कळत असावे. फंडामेंटल पेरोल सर्टिफिकेशन, म्हणजे एफपीसी, ही परीक्षा मी दिली ती मुख्यतः या अवघडलेपणातून सुटण्यासाठी. पदोन्नतीचा विचार मनात होता, नाही असे नाही, पण त्याविषयी पुढे लिहिते.

ही परीक्षा पेरोलऑर्ग ही संस्था घेते. १९८२ मध्ये अमेरिकन पेरोल असोसिएशन या नावाने ती स्थापन झाली आणि २०२३ मध्ये तिने हे नवे नाव घेतले, त्यामुळे जुन्या सहकाऱ्यांच्या तोंडी आजही "एपीए"च आहे. संस्थेची दोन प्रमुख प्रमाणपत्रे आहेत. एफपीसी हे पहिल्या पायरीचे असून त्यासाठी अनुभवाची अट नाही. सर्टिफाइड पेरोल प्रोफेशनल, म्हणजे सीपीपी, हे वरच्या पायरीचे असून त्याला कामाच्या अनुभवाची अट आहे. एफपीसीमध्ये तीन तासांत १५० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात, सीपीपीमध्ये चार तासांत १९०. परीक्षा वर्षातून दोन ठरावीक कालखंडांत, वसंत ऋतूत आणि शरद ऋतूत, होते. प्रश्न फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कायद्यावर असतात. राज्यांचे कर आणि राज्यांचे कामगार कायदे त्यात येत नाहीत, आणि या परीक्षेची सर्वांत मोठी मर्यादा मला हीच वाटते, कारण रोजच्या कामात डोकेदुखी होते ती बहुधा राज्यांच्या नियमांनीच.

प्रथम त्या दोन रकान्यांचे उत्तर, कारण या अभ्यासातून काय मिळते हे त्यावरून चांगले कळते. समजा, एखाद्याचा वार्षिक पगार ६०,००० डॉलर आहे. त्यातून त्याने पारंपरिक ४०१-के या निवृत्ती योजनेत ५,००० डॉलर टाकले आणि कंपनीच्या करपूर्व योजनेतून आरोग्यविम्याचे ३,००० डॉलर भरले. विम्याची ही रक्कम आयकरासाठीही वगळली जाते आणि सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतनाच्या करासाठीही. ४०१-केची रक्कम मात्र फक्त आयकरासाठी वगळली जाते. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याचा) हे कर तिच्यावर लागतातच. म्हणून आयकरासाठीच्या रकाना १ मध्ये ५२,००० येतात आणि सोशल सिक्युरिटीसाठीच्या रकाना ३ मध्ये ५७,०००. निवृत्तीसाठी पैसे बाजूला काढल्यामुळे सोशल सिक्युरिटीच्या खात्यावरची त्याची कमाई कमी नोंदली जात नाही, हा त्याचा कर्मचाऱ्याच्या दृष्टीने अर्थ. पगारातून कापले जाणारे हे कर एकाच चिठ्ठीवर दिसत असले तरी ते वेगवेगळ्या वेळच्या वेगवेगळ्या कायद्यांतून आलेले आहेत. सोशल सिक्युरिटीची कपात १९३७ च्या जानेवारीत सुरू झाली, मालकाने पगारातून आयकर कापून घेण्याची आजची पद्धत १९४३ च्या कायद्याने आली आणि मेडिकेअर त्यानंतर, १९६६ मध्ये. प्रत्येक कायद्याची "पगार" या शब्दाची व्याख्या निराळी आहे. एवढे एक वाक्य मला कामाच्या पहिल्या आठवड्यात कोणी सांगितले असते तर तीन वर्षे सिस्टिमच्या आड लपावे लागले नसते.

परीक्षेचा जो भाग पगाराच्या प्रत्यक्ष हिशेबाचा आहे तो, माझ्या मते, संपूर्ण अभ्यासक्रमातला सर्वांत कसदार भाग आहे. ओव्हरटाइमचेच पाहावे. आठवड्याला ४० तासांवरील कामाला दीडपट दर द्यायचा, हे १९३८ च्या फेअर लेबर स्टँडर्ड्‌स कायद्यापासून चालत आलेले सूत्र बहुतेकांना ठाऊक असते. पण दीडपट कशाच्या? ताशी २० डॉलर मिळवणाऱ्या कामगाराने एका आठवड्यात ४५ तास काम केले आणि उत्पादनाचे ठरलेले लक्ष्य गाठल्याबद्दल त्याला त्याच आठवड्याचा ९० डॉलर बोनस मिळाला, तर आमच्यापैकी बरेचजण ४० तासांचे ८००, पाच तासांचे ३० च्या दराने १५० आणि बोनसचे ९० अशी १,०४० डॉलरची बेरीज करतील. ही बेरीज चुकीची आहे. आधी सर्व ४५ तासांचे साध्या दराने ९०० आणि बोनसचे ९० असे ९९० धरायचे, त्याला ४५ ने भागायचे, म्हणजे त्या आठवड्याचा "नियमित दर" २२ डॉलर येतो. साध्या दराचे पैसे सर्व तासांसाठी आधीच मोजले गेले आहेत, म्हणून आता फक्त वरचा अर्धा भाग, म्हणजे ११ डॉलर, पाच तासांसाठी द्यायचा. एकूण १,०४५. फरक पाच डॉलरचा आहे, पण तो दर आठवड्याला, दर कामगारामागे आणि मागील काही वर्षांसाठी मोजला जाऊ शकतो, तेव्हा तो पाच डॉलरचा राहत नाही. अभ्यास करताना मी आमच्याच विभागातल्या एका बोनसची मांडणी उघडून पाहिली. ती सुदैवाने बरोबर होती, पण ती बरोबर आहे हे पाहण्याची दृष्टी मला त्या दिवशी प्रथम आली.

याच प्रकरणात आणखी एक साधी दिसणारी खाच आहे. पगार दोन आठवड्यांनी होत असला तरी ओव्हरटाइमची मोजणी प्रत्येक आठवड्याची स्वतंत्र करायची असते. पहिल्या आठवड्यात ५० तास आणि दुसऱ्या आठवड्यात ३० तास भरले, तर सरासरी ४० आली म्हणून कोणी सुटत नाही. पहिल्या आठवड्याचे दहा तास ओव्हरटाइमचेच.

येथे मराठीत विचार करणाऱ्यांसाठी एक सूचना द्यावीशी वाटते, कारण ती ठाऊक नसल्याने सराव परीक्षेत माझे चार गुण बुडाले. आपण सहज "पंधरवड्याचा पगार" म्हणतो. अमेरिकी पेरोलमध्ये या एका शब्दाखाली दोन निरनिराळ्या पद्धती येतात. बायवीकली म्हणजे दर दोन आठवड्यांनी, वर्षातून २६ वेळा. सेमीमंथली म्हणजे महिन्यातून दोनदा, वर्षातून २४ वेळा. ५२,००० डॉलर वार्षिक पगाराचे पहिल्या पद्धतीत दर वेळी २,००० होतात आणि दुसऱ्या पद्धतीत २,१६६.६७. प्रश्न वाचताना डोक्यात "पंधरवडा" उमटला की हात २४ कडे जातो. मी नंतर प्रत्येक गणिताच्या आधी कागदाच्या कोपऱ्यात २४ किंवा २६ लिहूनच पुढे जाण्याची सवय लावून घेतली.

ग्रॉस-अप हा प्रकार मला आवडला, कदाचित तो शाळेतल्या उलट टक्केवारीसारखा असल्यामुळे. एखाद्या कर्मचाऱ्याला बक्षीस म्हणून हातात नेमके १,००० डॉलर पडावेत असे साहेबांनी ठरवले आणि कराचा भार कंपनी उचलणार असेल, तर ढोबळ रक्कम किती धरायची? बोनससारख्या पूरक वेतनावर सरसकट २२ टक्के आयकर कापण्याची मुभा आहे. सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५ मिळवून एकूण २९.६५ टक्के होतात. राज्याचा कर नाही असे धरले, तर १,००० च्या २९.६५ टक्के काढून ते वर चढवणे हा पहिल्यांदा सुचणारा आणि चुकीचा मार्ग. तसे केले तर १,२९६.५० डॉलरमधून पुन्हा कर कापला जातो आणि हातात ९१२ डॉलरच्या आसपासच पडतात. १,००० ला ०.७०३५ ने भागायचे, म्हणजे १,४२१.४६ ही ढोबळ रक्कम मिळते. परीक्षेत पर्यायांमध्ये चुकीच्या मार्गाने येणारा आकडाही ठेवलेला असतो, त्यामुळे आपले उत्तर पर्यायांत सापडले म्हणून ते बरोबर, असे समजण्याची सोय नाही. प्रश्नकर्त्यांना माणसे कोठे घसरतात याची चांगली जाण आहे.

पगारावर आलेल्या जप्तीचे नियमही असेच रोजच्या उपयोगाचे. साध्या कर्जवसुलीसाठी न्यायालयाचा आदेश आला तर "डिस्पोजेबल अर्निंग्ज"च्या २५ टक्के किंवा आठवड्याला फेडरल किमान वेतनाच्या ३० पटीपेक्षा जेवढी रक्कम जास्त असेल तेवढी, यांपैकी जी कमी ती कापायची. किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरच असल्यामुळे ३० पट म्हणजे २१७.५० डॉलर होतात. आठवड्याचे डिस्पोजेबल वेतन २७० डॉलर असेल तर २५ टक्क्यांनी ६७.५० येतात आणि दुसऱ्या रीतीने ५२.५०, म्हणून ५२.५० कापायचे. खरी मेख आहे ती डिस्पोजेबल या शब्दात. त्यातून फक्त कायद्याने सक्तीच्या असलेल्या कपाती वजा होतात. स्वेच्छेने घेतलेला विमा किंवा ४०१-केची वर्गणी वजा होत नाही. आपण चिठ्ठीवरचा निव्वळ पगार धरला, तर धनकोला कमी पैसे जातात आणि जबाबदारी मालकावर येते. अपत्याच्या पोटगीच्या आदेशांना यापेक्षा वेगळी आणि वरची मर्यादा आहे, परिस्थितीनुसार ५० ते ६५ टक्क्यांपर्यंत. हा भाग शिकताना मला प्रथमच जाणवले, की पलीकडे पैशांची वाट पाहणारे एक घर आहे आणि अलीकडेही एक घर आहे, आणि त्या दोन्ही घरांच्या मधली रेघ मी एका रकान्यात आखत असते.

कापलेला कर सरकारजमा करण्याच्या वेळापत्रकावर परीक्षेत बरेच प्रश्न येतात आणि ते पाठच करावे लागते. आधीच्या ठरावीक बारा महिन्यांत कराची एकूण रक्कम ५०,००० डॉलर किंवा कमी असेल तर मालक मासिक भरणा करतो, म्हणजे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. जास्त असेल तर आठवड्यातून दोनदाचा नियम लागू होतो. बुधवार, गुरुवार किंवा शुक्रवारी पगार झाला तर पुढच्या बुधवारपर्यंत, आणि शनिवार ते मंगळवार झाला तर पुढच्या शुक्रवारपर्यंत. एखाद्या दिवशी देय कर १,००,००० डॉलर किंवा जास्त झाला तर लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरणा हवा. हे बारा महिने कॅलेंडर वर्षाचे नसतात, जुलै ते जून असे असतात. २०२५ साठी ते १ जुलै २०२३ ते ३० जून २०२४ असे होते. पाठांतराचा कंटाळा आला तरी उशिराचा दंड पाहिला की मन ताळ्यावर येते. पाच दिवसांपर्यंतच्या उशिराला २ टक्के, सहा ते पंधरा दिवसांना ५, त्यापुढे १० आणि नोटीस येऊनही न भरल्यास १५.

त्याहून गंभीर गोष्ट अशी, की कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला कर हा कायद्याच्या दृष्टीने विश्वस्त म्हणून सांभाळलेला पैसा मानला जातो. कंपनीने अडचणीच्या काळात तो इतरत्र वापरला आणि भरला नाही, तर ज्या व्यक्तीला तो भरण्याचा अधिकार होता आणि जिने जाणूनबुजून तो भरला नाही, तिच्याकडून वैयक्तिकरीत्या तेवढीच पूर्ण रक्कम दंड म्हणून वसूल होऊ शकते. कारकुनी वाटणाऱ्या या कामात एवढे वजन आहे हे मला या अभ्यासाआधी कोणीही सांगितलेले नव्हते.

कागदपत्रे किती वर्षे ठेवायची, नव्या कर्मचाऱ्याची माहिती किती दिवसांत कळवायची, काम करण्याची परवानगी तपासणाऱ्या आय-९ अर्जाचा दुसरा भाग किती दिवसांत भरायचा, असल्या प्रश्नांबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. चार वर्षे, २० दिवस, तीन कामकाजाचे दिवस, असे आकडे घोकायचे आणि परीक्षेनंतर निम्मे विसरायचे. लेखांकनाचा भाग ज्यांनी थोडीफार जमाखर्चाची ओळख करून घेतली आहे त्यांना सोपा जाईल. ज्यांनी केलेली नाही त्यांनी देणी-खर्चाच्या नोंदी चार संध्याकाळी बसून लिहून पाहाव्यात, तेवढ्याने भागते.

आता तयारीविषयी. माझे सर्वांत जास्त पैसे आणि सर्वांत कमी समाधान येथे खर्च झाले. परीक्षा घेणाऱ्या संस्थेशी संबंध नसलेल्या एका खासगी वर्गाला मी नाव नोंदवले होते. वर्ग ऑनलाइन, आठवड्यातून एकदा, दहा आठवडे. २०२५ सालच्या या वर्गाच्या टिपणांत सोशल सिक्युरिटी कराची वार्षिक वेतनमर्यादा १,६८,६०० डॉलर छापलेली होती. ती २०२४ ची मर्यादा होती. २०२५ ची १,७६,१०० होती, म्हणजे एका कर्मचाऱ्याकडून त्या वर्षात जास्तीत जास्त १०,९१८.२० डॉलर कापले जात. मी हे निदर्शनास आणले तेव्हा "तत्त्व तेच आहे, आकडा तुम्ही बदलून घ्या" असे उत्तर मिळाले. कोणत्या वर्षाचा कायदा परीक्षेला लागू आहे हे संस्था जाहीर करते, आणि तयारीच्या साहित्यात तेवढी एक गोष्ट तरी अचूक हवी, कारण पेरोलमध्ये आकडा बदलला की उत्तर बदलते. पहिले सहा तास पडद्यावरच्या स्लाइड्स वाचून दाखवण्यात गेले. शेवटच्या चार आठवड्यांत मात्र दुसऱ्या शिक्षिका आल्या आणि त्यांनी केवळ उदाहरणे सोडवून घेतली, एखाद्याचे उत्तर चुकले की बरोबर उत्तर सांगण्याऐवजी "तुम्ही कोणती रक्कम धरलीत?" असे विचारण्याची त्यांची पद्धत होती. त्या चार आठवड्यांसाठी मी तो वर्ग पुन्हा घेईन, पूर्ण दहासाठी नाही.

ज्यांना खर्च टाळायचा आहे त्यांनी अमेरिकी महसूल विभागाची प्रकाशने डाउनलोड करावीत. प्रकाशन १५ हे मालकांसाठीचे मुख्य मार्गदर्शक, १५-बी भत्ते आणि वस्तुरूप लाभांसाठी, १५-टी आयकर कपातीच्या तक्त्यांसाठी. तिन्ही विनामूल्य आहेत आणि दरवर्षी नवी निघतात. कामगार खात्याची ओव्हरटाइम आणि जप्तीवरची माहितीपत्रके त्यांच्या जोडीला ठेवावीत. भाषा रुक्ष आहे, हे खरे. पण परीक्षेतल्या प्रश्नांची भाषाही तीच आहे, त्यामुळे ती कानाला आधीच सरावलेली बरी. १५-टी मधील तक्ते वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२० मध्ये डब्ल्यू-४ हा, किती आयकर कापायचा हे ठरवण्यासाठी कर्मचारी देतो तो, अर्ज बदलला आणि त्यातली "अलाउन्स" मोजण्याची जुनी पद्धत गेली, परंतु त्याआधी अर्ज दिलेल्या कर्मचाऱ्यांना नवा अर्ज देण्याची सक्ती नाही. त्यामुळे दोन्ही प्रकारचे अर्ज अजून चालू आहेत आणि दोन्हींचे हिशेब यावे लागतात. संस्थेचा स्वतःचा जाडजूड संदर्भग्रंथही आहे. तो संदर्भ म्हणून उत्तम आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला घेतला तर माणूस तिसऱ्या प्रकरणात हरवतो.

मी साधारण चौदा आठवडे अभ्यास केला, रोज सकाळी कामाला निघण्यापूर्वी एक तास. जानेवारीत अभ्यास करण्याचा प्रयत्न कोणी करू नये, असे मी अनुभवाने सांगते. वर्षअखेरचा ताळमेळ, ३१ जानेवारीची डब्ल्यू-२ ची मुदत आणि त्याच दिवशी येणारे तिमाही विवरणपत्र ९४१, यांतून पुस्तकाकडे पाहायला डोळे उरत नाहीत. शरद ऋतूतली परीक्षा त्या मानाने सोयीची.

परीक्षेचा दिवस फारसा नाट्यमय नव्हता. केंद्रावर ओळखपत्र तपासले, सर्व सामान कपाटात ठेवायला लावले आणि संगणकासमोर बसवले. १५० प्रश्नांना १८० मिनिटे म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटापेक्षाही थोडा कमी वेळ पडतो. व्याख्येचे प्रश्न वीस सेकंदांत सुटतात आणि तो वाचलेला वेळ गणितांना वापरता येतो, म्हणून मी पहिल्या फेरीत सर्व गणिते बाजूला ठेवली. मला अडकवले ते गणिताने नव्हे, तारखेने. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केलेल्या कामाचा पगार जानेवारीत दिला, तर तो कोणत्या वर्षाच्या डब्ल्यू-२ मध्ये जातो? नव्या वर्षाच्या, कारण पगार हाती आल्याची तारीख महत्त्वाची, काम केल्याची नाही. पण चेक ३१ डिसेंबरला कार्यालयात तयार होता आणि कर्मचाऱ्याने आपल्या सोयीने तो २ जानेवारीला नेला, तर तो जुन्या वर्षातच मोजायचा, कारण त्याला तो घेता येत होता. दोन प्रश्न जवळजवळ शेजारी आले आणि मी दोन्हींची उत्तरे दोनदा बदलली. उत्तीर्ण झाले, पण त्या दोहोंपैकी एक चुकले असावे असा माझा अजूनही संशय आहे.

प्रमाणपत्राचा नोकरीत उपयोग होतो का? माझ्या बाबतीत पगार लगेच वाढला नाही आणि पदोन्नती पुढच्या वर्षी मिळाली, त्यामुळे तिचे श्रेय कोणाला द्यावे हे मला ठरवता आलेले नाही. वर्गातील एका सहाध्यायीला पेरोलचा काहीच अनुभव नव्हता. केवळ प्रमाणपत्राच्या बळावर नोकरी मिळेल या आशेने तो आला होता. परीक्षेला अनुभवाची अट नाही, म्हणून हे शक्य आहे, पण मी कोणाला तसे करण्याचा सल्ला देणार नाही. ज्याने कधी चुकलेला पगार दुरुस्त केलेला नाही, त्याला ग्रॉस-अपचे सूत्र पाठ होईल, पण ते कधी वापरायचे हे कळणार नाही. उलट एक-दोन वर्षे सिस्टिममध्ये आकडे भरून झालेल्या माणसाला हा अभ्यास अगदी योग्य वेळी भेटतो. त्याच्याकडे प्रश्न साठलेले असतात. पाच-सात वर्षे झालेल्या आणि पात्रतेच्या अटी पूर्ण करणाऱ्या माणसाने एफपीसी वगळून थेट सीपीपीकडे जावे, कारण दोन्हींचा पाया एकच आहे आणि पहिली पायरी चढल्यावाचून दुसरी बंद आहे असे नाही.

नूतनीकरणाचा हिशेब आधीच करून ठेवावा. एफपीसी तीन वर्षे टिकते आणि पुन्हा परीक्षा द्यायची नसेल तर त्या काळात मान्यताप्राप्त शिक्षणाचे ६० तास पूर्ण करावे लागतात. सीपीपीला पाच वर्षांत १२० तास. हे तास शेवटच्या सहा महिन्यांत गोळा करायला गेले तर महागात पडतात. आमच्या विभागात एका ज्येष्ठ सहकाऱ्याने दुर्लक्ष केले आणि त्यांना पुन्हा परीक्षेला बसावे लागले; त्या दिवसांत त्यांच्या टेबलाजवळ कोणी फिरकत नसे.

जे कॅनडा किंवा ब्रिटनमध्ये काम करतात त्यांच्यासाठी हे प्रमाणपत्र नाही. कॅनडात नॅशनल पेरोल इन्स्टिट्यूटची आणि ब्रिटनमध्ये चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ पेरोल प्रोफेशनल्सची स्वतंत्र पात्रता आहे. पेरोलचे ज्ञान सीमेपलीकडे फारसे चालत नाही. तत्त्वे सारखी वाटतात, पण दर, मर्यादा आणि मुदती बदलल्या की जवळजवळ सर्व नव्याने शिकावे लागते.

अमेरिकेपुरते बोलायचे तर मी या प्रमाणपत्राला पाचपैकी चार गुण देईन. एक गुण कापला तो राज्यांच्या कायद्यांना जागा न दिल्याबद्दल. तयारीच्या वर्गाला, त्या शेवटच्या चार आठवड्यांसह, अडीच. यंदा जानेवारीच्या अखेरीस गोदामातल्या एका कामगाराने डब्ल्यू-२ घेऊन माझ्याकडे येऊन रकाना १ आणि ३ वर बोट ठेवले. मी त्याच्या वर्षाच्या शेवटच्या पगाराची चिठ्ठी उघडली, ४०१-केची ओळ दाखवली, वजाबाकी त्याच्यासमोर कागदावर केली आणि आकडा शेवटच्या सेंटपर्यंत जुळला. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, की मग पुढच्या वर्षी वर्गणी थोडी वाढवली तर?